खानावळीतलं पाचवं गिऱ्हाईक

मी माझ्या सख्ख्या आईच्या खानावळीत तीन वर्षं गिऱ्हाईक होते. दोन वेळचं जेवण, महिन्याचे पैसे आगाऊ, दहा तारखेच्या आत. हे कुणाला सांगितलं की समोरचा माणूस आधी माझ्याकडे आणि मग आईकडे जरा वेगळ्याच नजरेनं बघतो. लग्नानंतर माझ्या सासूबाईंनी तर आईला तोंडावरच विचारलं होतं, "म्हणजे पोटच्या पोरीकडून जेवणाचे पैसे घेत होतात तुम्ही?"

आई शांतपणे म्हणाली, "घेत होतो. पण खाडे वजा करत होतो."

खाडा म्हणजे न जेवलेला दिवस. खानावळीत न जेवलेल्या दिवसाचे पैसे कापून मिळतात, पण त्यासाठी आदल्या दिवशी सांगावं लागतं. सासूबाई पुण्याच्या. त्यांना खाडा कळला, पण खाडे कापणारी आई कळली नाही. त्यांची चूक नाही. मलाही ती कळायला बराच वेळ लागला, आणि बाबा कळायला त्याहून जास्त.

आम्ही घाटकोपरला डोंगराच्या पायथ्याशी एका बैठ्या चाळीत राहायचो. एक खोली, पागडीची, म्हणजे भाडं भरायचं पण हक्क विकता यायचा; तिच्यावर पोटमाळा, मागे मोरी. बाबा गिरणीत साचेखात्यात, म्हणजे मागावर. घरात आई, मी आणि दहावीत जाणारी धाकटी बहीण. भाऊ नाही. हे शेवटचं वाक्य मी उगीच लिहिलेलं नाही.

ब्याऐंशीला गिरण्यांचा संप सुरू झाला तेव्हा सगळ्यांना वाटलं, महिना दीड महिना चालेल. बाबांनी त्या सुट्टीत पोटमाळ्याची शिडी दुरुस्त केली, मोरीचा दरवाजा बदलला, रेडिओ उघडून परत बंद केला. मग दुरुस्त करायला घरात काही उरलं नाही आणि संप तसाच राहिला. त्याच सुमारास मी टायपिंगची परीक्षा पास झाले आणि मला अंधेरीला कपडे परदेशी पाठवणाऱ्या एका छोट्या ऑफिसात नोकरी लागली. पगार सहाशे. मालक मला 'मॅडम' म्हणायचे आणि चहाही मलाच करायला सांगायचे.

आमच्या चाळीत एक रीत होती. मुलाचा पगार झाला की पाकीट न फोडता घरी आणायचं, देवापुढे ठेवायचं, मग वडिलांच्या हातात द्यायचं. वडील त्यातून त्याला पासाचे आणि चहापाण्याचे पैसे काढून देणार. सात तारखेला संध्याकाळी चाळीतून चालत गेलं की प्रत्येक दारातून उदबत्तीचा वास यायचा. मीही पहिलं पाकीट तसंच आणलं. आईनं ते देवापुढे ठेवलं, हळदीकुंकू वाहिलं. बाबा बाहेरून आले, पाय धुतले, देवाला हात जोडले, पाकीट उचललं आणि माझ्या पर्समध्ये टाकलं.

"बाबा, ते घरात द्यायचे आहेत."

"तुझो पगार, तू ठेव."

"शेजारचे काका घेतात की मुलाचा."

"झिलाची गोष्ट वेगळी," बाबा म्हणाले. मालवणीत झिल म्हणजे मुलगा. मग त्यांनी टोपी काढून खुंटीला लावली आणि एका वाक्यात विषय संपवला. "माका चेडवाच्या पैशार जगूचा नाय."

चेडू म्हणजे मुलगी. आमच्याकडे लेकीच्या सासरी गेलं तर पाणीसुद्धा न पिणारी माणसं होती आणि बाबा त्यांतले पहिल्या रांगेतले. लेक म्हणजे दुसऱ्याच्या घरी जाणारी, तेव्हा तिची कमाई म्हणजे कुणाची तरी ठेव, अशी त्यांची समजूत. मी वाद घातला. बाबांशी वाद म्हणजे भिंतीला तेल लावून चढण्यासारखं. मी खाली घसरले.

मग मी हुशारी केली. मी त्या वयात स्वतःला फार हुशार समजत होते, त्याचे पुरावे पुढे येतीलच. पुढच्या महिन्यात शंभरच्या दोन नोटा तांदळाच्या डब्यात तळाशी ठेवल्या. डोक्यात हे, की आईला सापडतील आणि ती गुपचूप वापरेल. पण घरी बसल्यापासून तांदूळ मोजायचं काम बाबांनी स्वतःकडे घेतलं होतं, हे मी विसरले. दोन दिवसांनी बसमध्ये तिकिटाला पर्स उघडली तर त्या दोन नोटा आत, आणि एका नोटेला चिकटून तांदळातला एक किडा.

मग मी वस्तू आणायचं ठरवलं. वस्तू काही पर्समध्ये परत टाकता येत नाही. चार महिने साठवून टेबलफॅन घेतला. आई खूश, धाकटी खूश. शेजारचे लोक वारा खायला येऊन बसायचे. पंखा आपली मान डावीकडून उजवीकडे फिरवायचा आणि बाबा त्याची मान जिथे पोचत नाही तो दाराजवळचा कोपरा धरून बसायचे. आम्ही मुद्दाम पंखा हलवला की पाच मिनिटांत बाबा हलायचे. एप्रिल महिन्यात, घामानं बनियन पाठीला चिकटलेला, आणि हा माणूस वर्तमानपत्रानं वारा घेतोय. पाहुण्यांनी विचारलं, "काका, पंख्याखाली या की," तर म्हणायचे, "माका वाऱ्याचा त्रास हा."

इकडे घरातले पैसे संपत होते. आईच्या बांगड्या गेल्या, मग पितळेची मोठी भांडी गेली. एका संध्याकाळी बाबांनी सांगितलं की दिवाळीपर्यंत गिरणी उघडली नाही तर खोली विकून आपण गावी जाऊ. गावी घर होतं, भात होतं, माशांना तोटा नव्हता. नव्हती ती माझी नोकरी आणि धाकटीची शाळा. मी म्हटलं, "माझा पगार आहे ना." बाबांनी ऐकलंच नाही. ज्या गोष्टीला आपण हात लावणार नाही ती घरात आहे असं ते धरतच नव्हते.

खानावळ सुरू झाली ती अपघातानं. गावाकडचे दोघे भाऊ रंगाच्या कारखान्यात लागले होते, त्यांनी आईला विचारलं, "मावशी, आमका जेवण देशात?" त्यांच्या मागून एक वॉचमन आला. वॉचमनच्या मागून एक बसचा कंडक्टर आला, तोंडाळ, हसरा, आणि भात तीनदा घेणारा. सकाळी डबा, संध्याकाळी आमच्या खोलीत पंगत. बाबांना बायकोनं कमावणं कसं चाललं, असं मला तेव्हा वाटलं. पण त्याचं कारण जुनं होतं. लग्नाआधी बाबा आठ वर्षं परळला एका खानावळवालीकडे जेवत होते. मागाचा पट्टा लागून हात मोडला आणि तीन महिने कामावर जाता आलं नाही, तेव्हा तिनं त्यांना उधारीवर जेवू घातलं. पुढे वर्षभर थोडे थोडे करून त्यांनी ते सगळे पैसे फेडले. तिच्याबद्दल बोलताना बाबा देवळात बोलल्यासारखे बोलत. त्यांच्या लेखी खानावळ चालवणं ही प्रतिष्ठेची गोष्ट होती आणि जगात एकच मोठं पाप होतं. "जेवलेल्याचे पैसे बुडवलेल्याक अन्न पचत नाय," हे त्यांचं वाक्य चारही गिऱ्हाइकांना पाठ होतं.

बाबा खानावळीचा बाजार करायचे आणि वही ठेवायचे. अक्षर मोत्यासारखं. पण वहीत माणसांची नावं नव्हती. गिरणीत माणूस खात्यावरून ओळखला जातो, त्याच सवयीनं त्यांनी लिहिलं होतं: रंगवाला थोरला, रंगवाला धाकटा, वॉचमन, कंडक्टर.

चार गिऱ्हाइकांत आमचं स्वतःचं धान्य-रॉकेल सुटत होतं, पण खोलीचं भाडं आणि धाकटीची फी सुटत नव्हती. दर महिन्याला बाबा वही बंद करताना म्हणायचे, "एक गिऱ्हाईक कमी पडता."

एका रविवारी आई कणीक मळत होती. बाबा हे वाक्य बोलले आणि आई मान वर न करता म्हणाली, "गावला पाचवा गिऱ्हाईक." गावला म्हणजे सापडलं.

"कोण?"

आईनं पिठाचा हात माझ्याकडे केला. मी तेव्हा कढईतली भाजी चमच्यानं चाखत होते, तो चमचा तसाच तोंडात राहिला.

"हिच्या पगाराक हात लावू नकात तुम्ही," आई म्हणाली. "मी तरी कुठे लावतंय? पण ही दोन वेळ जेवता. डबो नेता. मी हिका वाढतंय. माझ्या खानावळीतल्या जेवणाचे पैसे हिना बुडवूचे?"

आईनं बाबांना त्यांच्याच देवाची शपथ घातली होती. लेकीचे पैसे घेणं एकीकडे आणि जेवलेल्याचे पैसे बुडणं दुसरीकडे, आणि दोन्ही त्यांच्याच तोंडचे नियम. बराच वेळ त्यांनी वहीचा पुठ्ठा नखानं खरवडला.

"मी पैसे हातात घेवचंय नाय," शेवटी म्हणाले.

"मी घेयन."

"वहीत लिवचंय नाय."

"नका लिवू. माका लिवता येत नाय, पण ठिपको काढता येता."

तशी मी दीडशे रुपये महिन्याची गिऱ्हाईक झाले. पहिल्या महिन्याचे पैसे आईच्या हातात दिले. बाबांनी वहीत चार ओळी लिहिल्या आणि पाचवी कोरी सोडली. आईनं कुंकवाच्या करंड्यात बोट बुडवून त्या कोऱ्या ओळीवर ठिपका काढला. बाबा तेवढा वेळ बाहेर जाऊन उभे राहिले. खोली विकायचं मात्र त्यांनी सोडलं नाही. गावच्या ओळखीच्या एका माणसाला त्यांनी सांगून ठेवलं होतं, आणि तो दसऱ्याच्या आधी एकदा येऊन पोटमाळा दोरीनं मोजूनही गेला. मला कळत होतं की ठिपका म्हणजे काही अक्षर नव्हे. बाबा माझ्या पैशाकडे पाठ करून उभे आहेत तोपर्यंत आम्ही अर्धे गावाला निघालेलोच होतो.

दरम्यान मी गिऱ्हाईकपणाचा अनुभव घेत होते. मला वाटलं होतं, पैसे देते म्हणजे जरा मान मिळेल. पंगत उठल्यावर मी, धाकटी आणि आई जेवायला बसलो तेव्हा पहिल्याच दिवशी मी ऐटीत म्हटलं, "आई, आमटी पातळ आहे."

"दुसरी खानावळ बघ," आई म्हणाली.

पूर्वी बांगडा केला की आई डोक्याकडचा एक तुकडा माझ्यासाठी बाजूला ठेवायची. आता सगळ्या गिऱ्हाइकांना एक म्हणजे मलाही एक. भेदभाव नको, बाबा बघतायत. धाकटी पैसे देत नव्हती म्हणून ती घरची, आणि घरची म्हणून डोक्याकडचा तुकडा तिला. दीडशे रुपये देऊन माझं माशाचं डोकं गेलं. भांडी मात्र मीच घासत होते. मी म्हटलं, गिऱ्हाईक भांडी घासत नाही. आई म्हणाली, "ता गिऱ्हाईक जेवून घरी जाता. तू जा."

एकदा ऑफिसातल्या मैत्रिणीच्या लग्नाला मी मुलुंडला गेले आणि तिथेच जेवून आले. दुसऱ्या दिवशी सहज म्हटलं, "आई, कालचा माझा खाडा धर." दाराजवळच्या कोपऱ्यातून, पंखा जिथे पोचत नव्हता तिथून, बाबांचा आवाज आला.

"आदल्या दिवशी सांगूक होया."

"पण मी जेवले नाही ना."

"भात शिजलो. नियम सगळ्यांक एकच."

गंमत बघा. माझे पैसे त्यांना चालत नव्हते, मला वहीत घेणार नव्हते, पण खाड्याचा नियम मला लागू. मी हे बोलूनही दाखवलं. बाबांनी पेपर उलटला.

आता माझ्या हुशारीचा पुढचा पुरावा. दिवाळीच्या आधीचा महिना. ऑफिसात एकजण हप्त्यावर साड्या विकायची. तिच्याकडे एक फुलाफुलांची जॉर्जेट होती, निळ्यावर पांढरी फुलं. हप्ता नको, रोख दिलेस तर वीस रुपये कमी, असं ती म्हणाली. पगार सात तारखेला झाला, आठ तारखेला मी साडी घेतली. खानावळीचे पैसे? मनात म्हटलं, आई सांभाळून घेईल. घरच्या खानावळीत बाहेरच्यासारखं थोडंच असतं. म्हणजे बघा, मान हवा तेव्हा मी गिऱ्हाईक आणि पैसे द्यायची वेळ आली की मी लेक.

दहा तारीख गेली. आईनं एकदा माझ्याकडे बघितलं, मी म्हटलं, "पगार झाला नाही अजून."

चौदा तारखेला संध्याकाळी पंगत बसली होती. रंगवाले दोघे, वॉचमन, कंडक्टर. मी आतून पाणी आणून देत होते. बाबा वही घेऊन बसले होते. वही हातात असली की ते मालवणी सोडून बाहेरची मराठी बोलायचे.

"कंडक्टर, चौदा तारीख झाली."

"देतो काका. दोन दिवस. गावाला मनिऑर्डर केली, जरा ओढाताण झाली."

"ओढाताण सगळ्यांनाच आहे. मावशीला रॉकेल कोण फुकट देत नाही. जेवलेल्याचे पैसे बुडवणाऱ्याला..."

"अन्न पचत नाही, माहीत आहे," कंडक्टर म्हणाला आणि तिसरा भात कालवायला लागला. "पण काका, माझी एकट्याचीच ओळ कोरी आहे का? जरा बघा ना. पाचवीचा ठिपका मला दिसत नाही."

वॉचमननं घास तोंडाजवळ धरला तो तिथेच. बाबांनी खाली वहीत बघितलं. चार ओळी लिहिलेल्या, कंडक्टरच्या ओळीपुढे रकाना मोकळा, आणि पाचवी ओळ अख्खी मोकळी. मी तांब्या घेऊन मोरीच्या उंबऱ्यात उभी. आई स्टोव्हकडे तोंड करून कालवण ढवळत होती, आणि जरुरीपेक्षा जास्त ढवळत होती.

आता बाबांना दोनच वाटा होत्या. पाचवी ओळ गिऱ्हाइकाची नाही असं म्हणायचं, म्हणजे लेक घरात फुकट जेवते आणि परकी माणसं पैसे देतात, हे चौघांच्या तोंडावर सांगायचं. मग कंडक्टरला ते कुठल्या तोंडानं मागणार? नाहीतर मला मागायचे.

बाबांनी चष्मा काढला, बनियनला पुसला, परत लावला. मग माझ्याकडे बघितलं. इतक्या महिन्यांत पैशाच्या विषयात त्यांनी माझ्याकडे सरळ पहिल्यांदा बघितलं.

"तुझे पैसे खय आसत गो?"

"पगार झाला नाही, बाबा."

"सात तारखेक झालो," बाबा म्हणाले. "आठ तारखेक साडी इली. ती काय तुका शेटान फुकट दिल्यान?"

रंगवाला धाकटा हसला आणि थोरल्यानं त्याला कोपर मारलं. माझे कान तापले. चाळीत तोवर मला कुणी असं बोललं नव्हतं. परक्या चार पुरुषांसमोर, साडीचा हिशोब काढून, बाबा मला कंडक्टरच्या रांगेत उभं करून झाडत होते.

"उद्या संध्याकाळी. दोघांचे पण," बाबा म्हणाले. मग वही मिटत, "आणि माझ्या हातात दे. आवशीच्या नको."

मी नळ नसलेल्या मोरीत जाऊन उगीच पाण्याची बादली हलवली. रडत होते का? थोडी. अपमान झाला होता हे खरं. पण त्या अपमानाच्या खाली काहीतरी उड्या मारत होतं आणि ते काय ते मला पाच मिनिटांनी कळलं. बाबांनी माझ्याकडे पैसे मागितले होते. हक्कानं, चारचौघांत, दटावून मागितले होते. चाळीतल्या कुठल्याही मुलाला त्याच्या बापानं मागितले असते तसे.

बाहेर आले तेव्हा आई कंडक्टरच्या ताटात बांगड्याचा दुसरा तुकडा वाढत होती. त्याला एकच मिळायचा. मी मोजून बघितलं, तो माझा होता. त्या दोघांचं आधी काही ठरलं होतं का, हे मी आईला पुढे अनेकदा विचारलं. ती दर वेळी म्हणाली, "तो पोरगो भुकेलो होतो."

दुसऱ्या दिवशी मी मालकांकडे उचल मागितली. "मॅडम, पगार तर आत्ता झाला," ते म्हणाले. मी म्हटलं, "खानावळीचे द्यायचे आहेत, नाहीतर जेवण बंद होईल." त्यांना दया आली. मी कुठे राहते, घरी कोण असतं, हे त्यांना ठाऊक नसावं.

संध्याकाळी कंडक्टर आणि मी बाबांपुढे ओळीनं उभे. आधी त्याचे घेतले. मग माझ्याकडे हात केला. त्या हाताला मोडलेल्या हाडामुळे मनगटाजवळ जरा बाक होता. मी नोटा ठेवल्या. बाबांनी अंगठा जिभेला लावून त्या मोजल्या, दोनदा मोजल्या, पिशवीत टाकल्या. आई तोपर्यंत कुंकवाचा करंडा घेऊन आली होती.

"नको," बाबा म्हणाले. "मी लिवतंय."

आणि त्यांनी पाचव्या ओळीवर मोत्यासारख्या अक्षरात लिहिलं: टायपिस्ट, एकशे पन्नास, पोचले. मागच्या पानांवर लाल ठिपके तसेच राहिले.

पुढच्या रविवारी खोली घेणारा माणूस आला. हातात पेढ्यांचा पुडा, म्हणजे त्याच्या मनात व्यवहार झालाच होता. आईनं चहा ठेवला. मी शिडीच्या तिसऱ्या पायरीवर बसून ऐकत होते. धाकटी चौथ्या. बाबांनी त्याला चहा पिऊ दिला, गावाकडच्या भाताची चौकशी केली, आणि मग म्हणाले, "खोली नाय देवक जमाची."

"कित्याक? भाव कमी वाटता?"

"भावाचा नाय. हयसर पाच माणसा जेवतत. तेंका खय पाठवू?"

तो माणूस गेला, पेढे ठेवून गेला. बाबांनी एक पेढा खाल्ला. मग दाराजवळचा आपला कोपरा सोडून ते खोलीच्या मध्ये येऊन बसले, पंख्याची फिरायची कळ दाबून बंद केली आणि त्याचं तोंड सरळ स्वतःकडे केलं. आम्ही तिघी घाम पुसत बघत राहिलो. "बरो हा पंखो," बाबा बऱ्याच वेळानं म्हणाले.

बाबांची गिरणी त्यांना परत बोलावणार नव्हती, हे पुढे हळूहळू कळत गेलं. पण खानावळ चालली. पाचाचे नऊ झाले, धाकटी दहावी होऊन पुढे शिकली, दीडशेचे एकशे ऐंशी झाले आणि ते वाढवताना बाबांनी मला आठ दिवस आधी रीतसर सांगितलं. मी पुन्हा कधी उशीर केला नाही. पगाराच्या दिवशी बसमधून उतरताना मला एक वेगळीच ऐट वाटायची. या खोलीच्या भाड्यात, या भाताच्या वाफेत आपण आहोत, अशी. पुष्कळ मुलींना आईबाप सगळं देतात. मला माझ्या आईबापांनी देऊ दिलं, आणि त्यात बाबांना काय गिळावं लागलं ते मी डोळ्यांनी बघितलं आहे. त्या उपकाराची फेड कुठल्या ओळीत लिहायची ते मला अजून समजलेलं नाही.

माझं लग्न महिन्याच्या अठरा तारखेला झालं. निघायच्या वेळी सगळे रडत होते. बाबा गर्दीतून वाट काढत आले, माझ्या हातात एक घडी केलेला कागद कोंबला. मला वाटलं आशीर्वाद वगैरे. गाडीत उघडला तर आत बहात्तर रुपये आणि मोत्यासारखं अक्षर: बारा दिवसांचे खाडे, दर सहा रुपये. खाली कंसात, आगाऊ कळवले होते. नवऱ्यानं विचारलं कसले पैसे, आणि मी हसत आणि रडत त्याला जे समजावून सांगितलं त्यातलं त्याला काहीही समजलं नाही. ते पैसे मी आयुष्यभर जपून ठेवले असं लिहायला मला आवडलं असतं. मी पंधरा दिवसांत चपला घेतल्या.

पहिल्यांदा माहेरी दोन दिवस राहायला गेले तेव्हा मी तीच निळी जॉर्जेट नेसले होते. पंगत झाली, आम्ही जेवलो. आईनं न सांगता बांगड्याचं डोकं माझ्या ताटात टाकलं. जेवून झाल्यावर मी गमतीनं वही पुढे ओढली आणि म्हटलं, "बाबा, दोन दिवसांचे बारा रुपये लिहा."

बाबांनी वही माझ्या हातातून हळूच काढून घेतली.

"पाव्हण्यांकडसून पैसे घेणत नाय," ते म्हणाले.

वहीची पाचवी ओळ आता कुणा रिक्षावाल्याची होती. मी बघितलं ते. डोकं मिळालं आणि ओळ गेली. मी साडीचा पदर उगीच नीट करत बसले. बाबाही पेपर उलटा धरून बसले होते.

तेवढ्यात मोरीतून आईचा आवाज आला.

"पाव्हणी मगे हो गो. आधी ती भांडी घास."

मी पदर खोचला आणि उठले.